डाव्या बाजूचा पत्रा

राशनच्या दुकानातली मशीन माहा अंगठा घेत नाही. उजवा बी घेत नाही अन् डावा तं बिलकुलच नाही. दुकानदार म्हणते, "आजी, जोरात दाबा." मी दाबतो. मशीन लाल लाइट दाखवते. मंग नात सोबत असली तं तिचा अंगठा लागते. डाव्या हाताच्या बोटांच्या टोकाले मले काही कळतच नाही, गरम तवा बी उशिरा कळते. पोरगी म्हणते, डॉक्टरले दाखव. काय दाखवाचं त्यात? ते बोटं पत्र्याखाली गेले.

आता मी मनीषनगरात पोरीकडं राहतो. आमच्या टाइमले इकडं वावरं होते. आमी कामठी रोडवर राहत होतो, ग्यारेजच्या मागं एक खोली होती तिथं. पोरीचे बाबा त्या ग्यारेजात डेंटर होते. गाडी कुठं ठोकली, चेपली, का डेंटरकडं येते. तो पत्रा ठोकून ठोकून पहिल्यासारखा करते. त्याले दोन्ही हात लागतात. एका हातात हातोडी, दुसऱ्या हातात डॉली. डॉली म्हणजे मुठीएवढा लोखंडाचा गुळगुळीत ठोकळा. तो पत्र्याच्या आतून लावाचा अन् बाहेरून हातोडी माराची. आतून आधार नसला तं पत्रा पळते. इकडचा खड्डा तिकडं जाते.

ग्यारेज उस्तादचं होतं. उस्ताद म्हातारे, मोमीनपुऱ्यातून सायकलवर येत. इंजनाचं काम ते स्वतः करत. त्यायचे दोन नियम होते. एक म्हणजे खोली माणसाची नाही, हातोडीची. जो डेंटर असन तो खोलीत राहीन. आमच्या आधी तिथं दुसरा डेंटर राहे. त्यानं काम सोडलं, त्याच्या बायकोनं चूल सुद्धा थंडी होऊ दिली नाही अन् सामान उचललं. मंग आमी आलो. चूल गरमच होती.

दुसरा नियम ट्रायलचा. गाडीची बॉडी बनली का डेंटरनं ट्रायलले बसाचं अन् कान लावाचा. कुठं खडखड करते, कोणता पत्रा वाजते, ते गाडी पळाल्याबिगर कळत नाही. ज्यानं बनवला त्याच्याच कानाले कळते, असं उस्ताद म्हणत. डेंटर बसला नाही तं गाडी फाटकाबाहेर जात नसे.

एका शेठच्या पोराची रेसची गाडी आमच्या ग्यारेजात येत होती. त्याले सगळे छोटे शेठ म्हणत. मी ती गाडी पहिल्यांदा पाहिली तं मले वाटलं गरिबाची असन, आत काहीच नव्हतं. मागचं सीट काढलेलं, आतलं रेक्झिन काढलेलं, नुसता पत्रा अन् लोखंडाचे पाइप. दरवाज्यावर पांढरा गोल अन् त्यात नंबर. पोरीचे बाबा म्हणे, "अवं, वजन कमी केलं का जोरात पळते." मी म्हटलं, "असं असतं तं आपण लईच जोरात पळालो असतो."

त्या थंडीत उस्तादनं तिचं इंजन केलं अन् आमच्या घरच्यायनं पाइप अन् दरवाजे बसवले. सकाळी ट्रायलले काटोल रोडनं गेले. छोटे शेठ चालवून राहिले होते, हे बाजूले बसले. मी भांडे घासून राहिली होती. पुढचं मले जसं सांगितलं तसं सांगतो.

पुढच्या डाव्या चाकाचा एक्सल तुटला. चाक एकटंच पुढं निघून गेलं अन् संत्र्याच्या बगीच्यात जाऊन पडलं. गाडी डाव्या अंगावर पडली अन् घासत गेली. छोट्या शेठच्या कपाळाले लागलं. ह्यायले सवय होती, गाडीत बसलं का डावा हात खिडकीतून बाहेर काढून छत धराची. पत्रा वाजाच्या आधी हाताले कळते म्हणत. तो हात गाडीखाली आला.

मोठ्या दवाखान्यात कोपराच्या खालून कापला. मी बाहेर पायरीवर बसली होती. सासू पारशिवनीकडून बसनं आली. आली का म्हणे, "रड वं. रडत काहून नाही? लोक काय म्हणतीन?" मी म्हटलं, "पोरीले पहिले धरा, तिनं ओलं केलं." मले रडू आलं नाही. आलं असतं तं रडली असती.

उस्तादनं तुटका एक्सल आणून मले दाखवला. तुटल्या जागी अर्धं काळं होतं अन् अर्धं चमकून राहिलं होतं. म्हणे, "ये काला वाला पुराना है, बहू. अंदर से कब का फटा था. ऊपर से किसी को नहीं दिखता." मी तो हातात घेतला. जड होता. "हो जी," म्हटलं अन् परत दिला. कोणाची चूक नव्हती असं ते सांगून राहिले होते. मले तेवढं कळलं.

ती गाडी ओढत आणली अन् आमच्या खोलीसमोर कोपऱ्यात ठेवली, ताडपत्री टाकून. तिथंच जागा होती. मी नळावर गेली का ती, दार उघडलं का ती. वाऱ्यानं ताडपत्री उडे. एक दिवस मी ती नीट बांधाले गेली तं आत दरवाज्याले डाग दिसला, वाळून काळा झालेला. मी राख अन् पाणी घेऊन धुतला. भांड्यासारखाच निघाला.

हे दवाखान्यातून आले तं खाटेवर बसून राहत. उस्ताद रोज विचारत, "कैसा है?" हे म्हणत, "बरा आहे."  मंग एका दिवशी जबलपूरचा एक डेंटर आला. त्याच्या डोक्यावर बिस्तर अन् हातात टिनाची पेटी होती. उस्तादनं त्याले ग्यारेजच्या ओट्यावर झोपाले सांगितलं. मी समजली.

तो माणूस वाईट नव्हता. पोरीले पेपरची टोपी करून दे. पण त्याची बायको तिकडं वाट पाहून राहिली होती, त्याले बी खोली पाहिजे होती. एक दिवस दाराशी उभा राहून त्यानं आत पाहिलं. म्हणे, "भाभी, इसमें खटिया सीधी आती है कि आड़ी?"

मी म्हटलं, "आडी. सीधी टाकली तं दार लागत नाही."

"अच्छा," म्हणे, अन् गेला. मी भाकर थापत होती, थापत राहिली.

खोली गेली असती तं पारशिवनीकडं जा लागलं असतं, सासूजवळ. तिथं दोन दीर, त्यायचे लेकरं, एक पडवी. शेती नाही. दुसऱ्याच्या वावरात जाणारं घर. एका हाताच्या माणसाले कापूस वेचाले बी कोण लावीन? हे मी कोणाजवळ बोलली नाही. त्यायले बी माहीत होतं.

मंग छोटे शेठ आले. त्यायले पुढच्या थंडीत कलकत्त्याकडं रेसले जायचं होतं. उस्ताद एक्सल नवीन टाकणार होते, अन् डावी बाजू पुरी चेपलेली होती. उस्तादनं जबलपूरवाल्याकडं पाहिलं. तवा हे खाटेवरून उठून बाहेर आले. म्हणे, "ही गाडी मी करतो."

उस्ताद म्हणे, "एक हाथ से?"

"पाहू द्या तं."

उस्तादनं चिंधीले हात पुसले. मंग सगळ्यायसमोर म्हणाले, "ठीक है. गाड़ी बन गई, ट्रायल हो गई, तो खोली तेरी. नहीं तो इसकी. अब मेरे को बीच में कोई कुछ मत बोलो."

पहिल्या दिवशी त्यायनं पत्र्याच्या आतून रेतीची थैली लावली अन् बाहेरून हातोडी मारली. थैली सरकली. पत्रा पळाला. पुन्हा लावली, पुन्हा पळाला. लाकडाचा ठोकळा कोंबला, तो पडला. मी नळावर कपडे धुवून राहिली होती. ते खाली वाकले, ठोकळा उचलला, पुन्हा लावला, पुन्हा पडला. मी पिळे बादलीत टाकले अन् जाऊन गाडीत घुसली. मागचं सीट नव्हतं, बसाले जागाच जागा होती. डॉली तिथंच पडली होती. ती घेतली अन् आतून दरवाज्याच्या पत्र्याले लावली.

बाहेरून आवाज आला, "काय करून राहिली वं?"

"धरून राहिली."

"बोटं जातीन."

"तुमी मारा जी."

 मंग हातोडी पडली.

आतून मले हातोडी दिसे नाही, बाहेरून त्यायले माहा हात दिसे नाही. पहिले काही दिवस मार बोटांवर आला. रक्त नाही निघालं, नखं काळे झाले अन् गळले. मंग आमचं जमलं. मी डॉलीनं आतून टकटक करो, ते बरोबर तिथं मारत. डॉली सरळ बसली असली तं ठण्ण वाजे, तिरपी असली तं भद्द. भद्द वाजलं का ते थांबत, मी हात फिरवो, पुन्हा टकटक. बोलाचं काम पडत नसे. आमी घरात बी कधी लई बोलत नव्हतो.

ग्यारेजातले लोक चहा पीत पाहत. एकजण ओरडला, "काय गा, बायकोले आत कोंडून वरून ठोकून राहिला? एवढं काय भांडण झालं?"

हे म्हणे, "बाहेर काढली तं ती मले ठोकीन."

सगळे हसले. हात गेल्यावर ते पहिल्यांदा असं बोलले. मी आत होती, मले त्यायचं तोंड दिसलं नाही.

जबलपूरवाला एक दिवस खिडकीजवळ आला. म्हणे, "भाभी, उंगली खराब हो रही है. मैं पकड़ता हूँ न."

मी म्हटलं, "तू धरली तं काम तुह्यं होईन."

तो समजला. पुन्हा आला नाही. पण चहा आला का माहा कप खिडकीतून आत द्यायचा.

दरवाजा झाला, मडगार्ड झालं, छताची किनार झाली. मंग लांबी लावली. लांबी म्हणजे पेस्ट, बारीक खड्ड्यात भरतात. वाळली का पाणीपेपरनं घासा लागते. तेही मीच घासलं. पाण्यात बुडवाचं, घासाचं, हात फिरवून पाहाचं. पण हाताले कळेना. बोटांचे टोकं तोवर मेलेच होते. मी मंग गाल लावून पाहो. गालाले कळे. पोरगी बी माह्यं पाहून गाडीले गाल लावे.

वरून अस्तराचा रंग मारला, तांबडा. खरा रंग ट्रायल झाल्यावर मारतात, म्हणून गाडी तांबडीच राहिली.

ट्रायलच्या सकाळी शेठच्या घरून लिंबू आले, चारी चाकांखाली ठेवाले. आमच्या घरी छप्पन सालच्या दीक्षेपासून लिंबू-नारळ बंद आहे. उस्तादकडं बी चालत नसे. ज्याची गाडी त्याचे लिंबू. मागच्या ट्रायलले बी फुटले होते.

ह्यायनं धुतलेला सदरा घातला होता. त्याची डावी बाही मी कापून शिवून टाकली होती, लोंबू नये म्हणून. छोटे शेठ आधीच स्टेरिंगवर बसले होते. हे गेले, दरवाजा उघडला. पाय उचलला अन् खाली ठेवला. पुन्हा उचलला.  त्यायच्या मानेवर घाम आला होता, थंडीचे दिवस होते तरी. उस्ताद दुसरीकडं पाहून राहिले होते. छोट्या शेठनं इंजन बंद केलं.

जबलपूरवाला हळूच म्हणे, "उस्ताद, मैं बैठ जाता हूँ."

त्यानं वाईट मनानं म्हटलं नसन. पण तो बसला असता तं तो डेंटर झाला असता. तिथं उभ्या सगळ्यायले ते कळलं. मी बादलीजवळ होती. पदराले हात पुसले अन् गेली. ह्यायले म्हटलं, "सरका जी." ते सरकले. मी बसली.

उस्ताद म्हणे, "बहू, ये क्या?"

"बॉडीले माहा हात लागला. तुमचाच नियम आहे."

उस्तादनं ह्यायच्याकडं पाहिलं. "तू बोल."

हे म्हणे, "तिले आवाज कळते." एवढंच. अन् त्यायनं दरवाजा बाहेरून लावला, एका हातानं, हळू.

मी त्याच्या आधी कारमध्ये बसलीच नव्हती. म्हणजे आत बसून काम केलं होतं, पण चालती कार कधी नाही. छोटे शेठ हळूहळू चालवून राहिले होते.  बैलगाडी आमच्या बाजूनं पुढं गेली, तिच्यावर संत्र्याचे पेटारे होते. गाडीवान वळून पाहे.

छोटे शेठ म्हणे, "बाई, भीती वाटते का?"

मी म्हटलं, "हळू चालवली तं पत्रा बोलत नाही. जोरात घ्या जी."

त्यायनं एकदा माह्याकडं पाहिलं. मंग घेतली. काटोल नाका मागं गेला. आवाज एवढा झाला का मले माह्यंच खोकलणं ऐकू आलं नाही. वारा डोळ्यात गेला. नाल्यावरच्या मोरीजवळ चाक निघालं होतं असं मले सांगितलं होतं. मोरी आली. मी पाहिलं. मले वाटलं होतं तिथं काही दिसन, नाही तं आत काही होईन. मोरी होती, बाभूळ होती, रस्ता होता. गेली मागं.

त्याच्या पुढं आवाज आला, टिर्रर्र, खालून. मी डावा हात दरवाज्यावर ठेवला तं बोटाले काही कळेना. गुडघा लावला. आवाज बंद. काढला, सुरू. पुन्हा लावला, बंद. मी म्हटलं, "झालं. फिरवा गाडी."

परत आलो तं हे जिथं उभे होते तिथंच उभे होते. त्यायनं काही विचारलं नाही, कशी आहे, भेली का, काही नाही. म्हणे, "कुठं वाजलं?"

"दरवाज्याच्या खाली. मागच्या कोपऱ्याले."

ते हातोडी आणाले गेले. मी उतरलीच नाही, डॉली आतच होती. टकटक केलं, त्यायनं मारलं. ठण्ण वाजलं. उस्तादनं खाली बसून कान लावला, दरवाजा हलवून पाहिला. मंग उठले अन् जबलपूरवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणे, "बिस्तर बाँध ले, बेटा. तेरे लिए सदर के एक गैरेज में बात करता हूँ."

मले आनंद व्हायले पाहिजे होता. मी पोरीचं नाक पुसलं अन् चुलीवर डाळ ठेवली. आडी खाट होती तशी आडी राहिली. पोरीचं लग्न बी आमी त्याच खोलीतून केलं, उस्ताद गेल्यावर ग्यारेज बंद पडलं तवा सोडली. तोवर हे बाहेरून अन् मी आतून. गाडी कलकत्त्याकडं गेली. जिंकली का हरली, आमाले कोणी सांगितलं नाही अन् आमी विचारलं नाही. हे पुन्हा कोणत्याच कारमध्ये बसले नाही. ट्रायलले मीच बसो. पारशिवनीच्या बसमध्ये बसत, पण खिडकीजवळ मले बसवत.

त्या दिवशी जबलपूरवाला बिस्तर बांधाले बसला तं त्याची दोरी तुटली. आला अन् म्हणे, "भाभी, रस्सी मिलेगी?" माह्याकडं कपडे वाळवाची एकच दोरी होती. ती सोडून दिली. त्यानं बिस्तर बांधलं, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला अन् गेला.

दुपारी कपडे धुतले तं टाकाले दोरीच नव्हती. मी ते गाडीवर टाकले. पोरीचे फ्रॉक, माहं लुगडं, अन् दरवाज्यावर ह्यायचा सदरा. उस्ताद आतून ओरडले, "अरे बहू, रेस की गाड़ी है!"

मी म्हटलं, "वाळले का काढतो."

अस्तरावर ओलं टाकू नये, हे मले माहीत असून ध्यानातच आलं नाही. संध्याकाळी कपडे काढले तं तांबड्या अस्तरावर डाग उठले होते. दरवाज्यावर सदऱ्याचा डाग होता, पुरा, कॉलरसकट, एक बाही लांब अन् एक आखूड. हे बाजूले येऊन उभे राहिले. पाहिलं.  मी बादलीत पाणी घेतलं, पाणीपेपर बुडवला अन् आखूड बाहीपासून घासाले लागली.